ट्रेनी : हातात किती येतात?

(चाकण, तळेगाव चौक. पहाट. कंपन्यांच्या बसगाड्या.)

पहाटेचे पावणेसहा. चाकणचा तळेगाव चौक. कांद्याच्या गाड्या बाजाराकडे वळतायत, आणि त्यांच्यातून वाट काढत कंपन्यांच्या बस येतायत. एकेका थांब्यावर वीस-पंचवीस पोरं. गणवेश सगळ्यांचा सारखाच. गळ्यातलं ओळखपत्र मात्र जरा निरखून बघा. काहींच्या पट्ट्याचा रंग वेगळा आहे.

तो पट्टा ट्रेनीचा. कुणी बीई, कुणी बीएस्सी, कुणी बीकॉम. गावाकडे फोन गेलाय, कंपनीत लागलो म्हणून. त्यावर घरून पहिला प्रश्न येतो, पगार किती?

नुसतं ‘ट्रेनी’ म्हटल्यावर याचं उत्तर मिळत नाही. ते पत्रात असतं, आणि पत्रं बरीच तऱ्हांची असतात.

(टेबलावर पत्रं. बोट एका ओळीवर थांबतं.)

हे पहिलं पत्र. वर लिहिलंय, ग्रॅज्युएट अप्रेंटिस. खाली कायद्याचं नाव आहे, शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. ही ओळ वाचल्याशिवाय कुणीही सही करू नये, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. कारण पुढचं सगळं या ओळीवर ठरतं.

हा कायदा आला तेव्हा तो फिटर, टर्नर, वेल्डर अशा ट्रेडच्या पोरांसाठी होता. १९७३ मध्ये त्यात पदवी आणि पदविकावाले इंजिनिअर आले. २०१४ च्या दुरुस्तीनं बीए, बीकॉम, बीएस्सीलाही दार उघडलं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, त्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पदवी आणि पदविकावाल्यांचा पश्चिम विभागातला कारभार मुंबईहून, शीवच्या कार्यालयातून चालतो.

आता आकडा. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदवीधराला महिन्याला कमीत कमी ९,००० रुपये आणि पदविकाधारकाला ८,०००. पदवीधराच्या किमान रकमेतले निम्मे, म्हणजे ४,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. कंपनीनं यापेक्षा जास्त द्यायला कुणाची आडकाठी नाही, आणि काही कंपन्या देतातही. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं शिक्षणाप्रमाणे ठरणाऱ्या किमान रकमेची ५,००० ते ९,००० ही पट्टी ६,८०० ते १२,३०० पर्यंत वाढवायची शिफारस केली.

याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून भविष्य निर्वाहाचा पीएफ नाही, आजारपणातल्या विम्याचा ईएसआय नाही. मिळतो तो पगार नव्हे, स्टायपेंड. वर्ष संपल्यावर कामावर ठेवायचंच, असं बंधनही कंपनीवर नाही.

(हिंजवडी. काचेच्या इमारती. मोबाईलवर उघडलेलं ऑफर लेटर.)

दुसरं पत्र वेगळं. इथं ‘ट्रेनी’ म्हणजे पहिल्या दिवसापासून कंपनीचा माणूस, फक्त अजून कन्फर्म न झालेला. कारखान्यात त्याला जीईटी म्हणतात, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. आयटीत तो फ्रेशर. टीसीएसच्या ‘निंजा’ भरतीचा आकडा कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ असतो, वर्षाला ३.३६ लाख. इन्फोसिसचा ३.६ लाख. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या २.५२ लाखांवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हा कंपनीनं खुलासा केला की तो आकडा तीन वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी आहे, इंजिनिअरांसाठी नाही.

पण ३.३६ लाख म्हणजे सीटीसी. कंपनीला पडणारा एकूण खर्च. चला, पाटीवर मांडून बघू.

(काळा फळा. खडू.)

३.३६ लाखांना बाराने भागा. २८,०००. आता समजा, मूळ पगार १५,००० रुपये आहे आणि पीएफ त्यावर धरलाय. कंपनीचा वाटा १,८००. तोही याच २८,००० मधला, हे बऱ्याच जणांना पहिली पगारपत्रिका हातात पडेपर्यंत ठाऊक नसतं. तुमचा वाटा १,८००. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीसाठी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरतात, १५,००० वर ते ७२० च्या आसपास. उरले साडेतेवीस हजारांच्या आत. त्यातून विम्याचा हप्ता जायचाय. आणि ‘कामगिरीनुसार’ असं लिहिलेला जो भाग आहे, तो दर महिन्याला येईलच असं नाही. पीएफचे पैसे बुडत नाहीत, ते तुमचेच आहेत. पण खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही.

म्हणून मुलाखतीला विचारायचा प्रश्न एकच ठेवा: सगळं वजा जाता दरमहा खात्यात किती जमा होतील? हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या तऱ्हेची पत्रं योजनांची. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये, आधी सहा महिने, मग पाच महिन्यांची वाढ. मुदत संपली की तिथलं काम थांबतं.

(नाणेकरवाडी. कॉट बेसिसची खोली. चार लोखंडी पलंग, दोरीवर गणवेश.)

पाळी सुटली. पहिल्या पत्रातला मुलगा खोलीवर आलाय. चेहरा दाखवू नका म्हणाला, वही दाखवा म्हणाला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. हे पान आम्ही वाचून दाखवत नाही.

(वहीचं पान. आवाज नाही.)

त्याचा स्टायपेंड दोन तुकड्यांत येतो. कंपनीचा वाटा वेगळा, सरकारचा थेट खात्यात वेगळा. आज महिन्याची अकरा तारीख. पहिला मेसेज आलाय.