सडपातळ अंगातली चरबी

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली, तर यडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी भारतीयांना कमी वजनातही मधुमेहाकडे नेते. आणि ती नुसती पडून राहत नाही.

त्वचेखाली चरबी साठवायला मर्यादा असते. ती संपली की चरबी पोटात, यकृतात, स्नायूंत उतरते. चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात. मेलेल्या पेशी साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी येतात, त्यांच्याभोवती कडं करतात आणि दाह वाढवणारी टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन या रसायनांमुळे अडतं. इन्सुलिन असूनही साखर रक्तातच राहते.

मुळात ही व्यवस्था आपल्या रक्षणासाठी आहे. जंतुसंसर्गात प्रतिकारपेशींना भरपूर ग्लुकोज लागतं. म्हणून स्नायू साखर कमी घेतात, यकृत जास्त सोडतं. तापात मधुमेही माणूस नीट जेवला नाही तरी त्याची साखर चढते, ती यामुळेच. 'जेवण नाही, मग इन्सुलिन कशाला' असं म्हणून ते परस्पर बंद करणं फार धोक्याचं. टाइप १ मधुमेहात तर कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढून जिवावर बेततं. अशा दिवसांत दर चार तासांनी साखर तपासायची, पाणी पीत राहायचं, डोस किती आणि कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारायचं. उलट्या थांबत नसतील तर थेट रुग्णालय गाठायचं.

ताप उतरला की शरीर पूर्ववत होतं. पोटातल्या चरबीतली धग मात्र विझत नाही, कारण तिला रोज जेवणातून सरपण मिळत राहतं.

२००७ साली संशोधक पॅट्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना चार आठवडे भरपूर स्निग्ध आहार दिला. आतड्यातल्या जिवाणूंच्या कवचाचा एलपीएस हा घटक त्यांच्या रक्तात दुप्पट-तिप्पट झाला. मग साधा आहार घेणाऱ्या उंदरांच्या शरीरात एलपीएस तेवढ्याच पातळीवर चार आठवडे सोडत ठेवलं. त्यांचंही वजन वाढलं, उपाशीपोटीची साखर वाढली. माणसांत गुंता जास्त आहे: टाइप २ मधुमेहींना टीएनएफ रोखणारं औषध देऊन पाहिलं, तेव्हा इन्सुलिनचं काम काही सुधारलं नाही. एक रसायन अडवून भागत नाही. ताटाकडेच वळावं लागतं.

आपल्या ताटात भात-पोळी भरपूर, डाळ पातळ आणि भाजी तोंडी लावण्यापुरती, असं फार घरांत असतं. आधी उसळ आणि कोशिंबीर वाढून घ्यावी, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. मटकी, हरभरा, भाज्या यांतले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. हे अस्तर धड असलं की एलपीएस रक्तात कमी झिरपतं. इथे एक चूक हमखास होते: पहिल्याच दिवशी दोन वाट्या उसळ. पोट फुगतं, गॅस होतो आणि आठवडाभरात सगळं सुटतं. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावं, पाणीही वाढवावं.

तेलाचा हिशेब सोपा आहे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल पोटात जातं. ते जास्तच आहे.

हिरड्यांकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. तिथला जुनाट दाहसुद्धा साखर वाढवतो. मधुमेहींच्या हिरड्यांवर नीट उपचार केले, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा, सरासरी ०.४ अंकांनी उतरतं.

घरी मोजायची ती कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून मोजायचं. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० ओलांडले, तर वजन कितीही कमी असो, साखर तपासून घ्यावी. दाह मोजणारी एचएस-सीआरपी ही रक्तचाचणी सर्दी-तापात करू नये. आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला, तर आधी जंतुसंसर्ग आहे का ते पाहायचं आणि बरं झाल्यावर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायची.