मर्ल हॅगार्ड : सुताराचा मुलगा

कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या कर्न काउंटी संग्रहालयात २०१५ साली हलवलेले अमेरिकी कंट्री गायक मर्ल हॅगार्ड यांचे बालपणीचे घर मुळात मालगाडीचा डबा होते. हॅगार्ड यांच्याविषयी बोलताना बहुतेक जण तुरुंगापासून सुरुवात करतात. माझ्यासारख्या चाहत्याला ती या घरापासून करावीशी वाटते.

१९३४ साली ओक्लाहोमातील शेतावरचे कोठार जळाल्यानंतर जेम्स आणि फ्लॉसी हॅगार्ड मुलांना घेऊन पश्चिमेकडे आले. तिकडून आलेल्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवले जाण्याचा तो काळ होता. तेलविहिरींच्या ऑइलडेल वस्तीत त्यांना जागा मिळाली आणि राहायला हा डबा मिळाला. सांता फे रेल्वेत सुतारकाम करणाऱ्या जेम्स यांनी तो आधी राहण्याजोगा केला आणि मग शेजारचा तुकडा विकत घेऊन त्याला न्हाणीघर, आणखी एक निजायची खोली, स्वयंपाकघर आणि न्याहारीसाठी छोटासा कोपरा असे एकेक जोडत नेले. मर्लचा जन्म ६ एप्रिल १९३७ चा.

मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील गेले. पुढे उनाडपणा, घरफोडीचा प्रयत्न, १९५८ मध्ये सॅन क्वेंटिनचा तुरुंग, १९६० मध्ये सुटका आणि १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्याकडून माफी.

आता टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवरच्या त्यांच्या संगीताकडे वळू. बेकर्सफील्डच्या गजबजलेल्या मद्यगृहांत वाढलेल्या या संगीताला कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत तंतुवाद्यांची गरज कधी भासली नाही, आणि माझ्या मते त्यातच त्याची ताकद आहे. १९६८ च्या ‘मामा ट्राइड’ या त्यांच्या गाण्यातला नायक एकविसावे वर्ष तुरुंगात पूर्ण करतो, तसे हॅगार्ड यांनीही केले होते. गाण्यातली जन्मठेप मात्र त्यांना कधीच झाली नव्हती. आईकडे बोट दाखवता येणार नाही, ही कबुली तेवढी अस्सल आहे.

कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत त्यांची अडतीस गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. २०१६ मध्ये, एकोणऐंशीव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

स्वतः दिग्गज ठरलेल्या या माणसातला चाहता मला अधिक जवळचा वाटतो. ‘वेस्टर्न स्विंग’ या नृत्यसंगीताचे नामवंत वादक बॉब विल्स यांना आदरांजली वाहणारी ध्वनिमुद्रिका करायची म्हणून, नाव झालेले असतानाही, ते फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायला शिकले. १९७० साली ती आली, तिच्यासाठी विल्स यांचे जुने वादक त्यांनी पुन्हा एकत्र आणले, आणि डिसेंबर १९७३ मध्ये डॅलसला विल्स यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा हॅगार्ड त्यातही सामील झाले.