मेट्रोच्या शेवटच्या स्थानकापुढचे ऑस्लो

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोमध्ये, राष्ट्रीय नाट्यगृहाच्या खालच्या भुयारी स्थानकावर तुम्ही उभे राहिलात, तर खांद्यावर स्कीच्या लांब पट्ट्या, पाठीवरच्या पिशवीत कॉफीचा थर्मास आणि हाताशी लहान मुले, अशा थाटात 1 क्रमांकाच्या गाडीची वाट पाहणारी माणसे हमखास दिसतील. ही गाडी भुयारातून बाहेर पडते, वळणे घेत डोंगर चढू लागते आणि अर्ध्या-पाऊण तासात फ्रोग्नरसेतेरेन या शेवटच्या स्थानकावर येऊन थांबते. स्थानकाची उंची आहे समुद्रसपाटीपासून 469 मीटर. बाहेर पाऊल टाकले की स्प्रूसचे अरण्य सुरू होते, आणि तेही शहराचेच तिकीट काढून, शहराच्याच हद्दीत.

आपल्याकडून निघणाऱ्या बऱ्याच सहलींमध्ये ऑस्लोच्या वाट्याला एखादाच दिवस येतो. नगरभवन, शिल्पोद्यान, ऑपेरागृह, सगळ्यांचा मिळून एक फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिम किनाऱ्याकडे प्रस्थान. मीही पहिल्या खेपेस असेच केले. ही ठिकाणे बघण्याजोगी नाहीत असे माझे म्हणणे मुळीच नाही. 2008 साली खुल्या झालेल्या ऑपेरागृहाचे पांढरे संगमरवरी छप्पर घाटाच्या पायऱ्यांसारखे थेट पाण्यात उतरते आणि त्यावरून कोणालाही केव्हाही चालता येते. फ्रोग्नर उद्यानात गुस्ताव्ह व्हिगेलांड या एकाच शिल्पकाराची 200 हून अधिक शिल्पे आहेत. त्यांतल्या 14 मीटर उंचीच्या अखंड पाषाणस्तंभावर एकमेकांना बिलगलेल्या, वर चढू पाहणाऱ्या 121 मानवाकृती कोरलेल्या आहेत. 10 डिसेंबरला शांततेचे नोबेल पारितोषिक जिथे दिले जाते, ते विटांचे नगरभवन बाहेरून काहीसे रुक्ष वाटते, पण आतल्या भित्तिचित्रांसाठी तासभर राखून ठेवावा.

संग्रहालयांपैकी दोनांचाच उल्लेख करतो. बिग्दॉय द्वीपकल्पावर ‘फ्राम’ हे लाकडी जहाज आख्खेच्या आख्खे एका इमारतीत ठेवले आहे. 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोहोचलेला रोआल्ड आमुन्सेन याच जहाजाने अंटार्क्टिकाला गेला होता. आज प्रेक्षकाला त्या जहाजावर चढून खलाशांच्या खोल्यांपर्यंत जाता येते. दुसरे, चित्रकार एडवर्ड मुंक याचे संग्रहालय. त्याच्या जगप्रसिद्ध ‘किंकाळी’च्या तेथील आवृत्त्या नाजूक असल्यामुळे आळीपाळीने एकेकच उघडी ठेवतात. या चित्राची एक गंमत अशी, की त्याच्या पार्श्वभूमीचा फियॉर्ड, म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा फाटा, एकेबेर्ग टेकडीवरून दिसतो आणि त्या टेकडीवर शहरातून ट्रामने जाता येते. चित्र पाहून झाल्यावर संध्याकाळी तिथे उभे राहावे. आकाश चित्रातल्याइतके लाल झाले नाही, तरी पाण्याची ती वळणदार रेषा ओळखू येते.

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतो. ऑस्लो नगरपालिकेच्या सुमारे 450 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग जंगलाचा आहे. शहराभोवतीच्या या वनपट्ट्याला तिथले लोक नुसते ‘मार्का’ म्हणतात. त्यातून जाणाऱ्या वाटा झाडांवरच्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखवलेल्या असतात. निळी पट्टी उन्हाळ्यातल्या पायवाटेची आणि लाल पट्टी हिवाळ्यातल्या स्कीच्या वाटेची, एवढे ध्यानात ठेवले की नवख्यालाही वाट सापडते. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, म्हणून काही वाटांवर दिवे लावलेले असतात आणि कचेरीतून सुटलेली माणसे संध्याकाळी त्या उजेडात स्की करतात.

हे जंगल टिकले ते काही आपोआप नव्हे. मार्कातून विजेच्या उच्चदाब तारा नेण्याचा बेत पुढे आला, तेव्हा 1946 साली सर्केदालेन खोऱ्यात हजारो नागरिक विरोध करायला जमले होते. ज्या देशाला महायुद्धातून बाहेर पडून जेमतेम वर्ष झाले होते, तिथली माणसे रविवारच्या फिरण्याच्या जागेसाठी एवढ्या संख्येने एकत्र यावीत, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे 1957 च्या कायद्याने पूर्वापार चालत आलेला ‘सर्वांचा हक्क’ लेखी झाला. जमीन खासगी असो वा सरकारी, लागवडीखाली नसेल तर तिथे कोणीही चालावे, बोरीसारखी रानफळे आणि अळिंबी वेचावी, तंबू ठोकावा. मात्र राहत्या घरापासून किमान 150 मीटर दूर, आणि विनापरवानगी दोन रात्रींपेक्षा अधिक नाही. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर या काळात रानात किंवा रानालगत शेकोटी पेटवण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते. 2009 साली मार्कासाठी वेगळा कायदा झाला आणि त्याने जंगलाची सीमा आखून आत बांधकामाला बंदी घातली. घरांची टंचाई असलेल्या राजधानीत ही रेघ पाळणे सोपे नसते, हे मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्यात जाणाऱ्याने सॉग्नस्वान तळ्याची वाट धरावी. तळ्यापर्यंत मेट्रो जाते, आणि तिथून पुढे दीड तास चालले की उलेव्होलसेतेर हे जंगलातले विश्रामस्थान लागते. तिथे वाफल मिळतात. त्यांच्यावर घालायचे तपकिरी चीज दुधाची निवळी आटवून करतात, आणि त्याची खमंग गोडसर चव साताऱ्याच्या कंदी पेढ्याची आठवण करून देते. निदान मला तरी तसेच वाटले. बरोबरच्या मंडळींचे याबाबत एकमत झाले नाही.

हिवाळ्यात गेलात, तर फ्रोग्नरसेतेरेनला घसरगाडी भाड्याने घ्यावी. तिथून ‘कोर्केट्रेक्केरेन’, म्हणजे बाटलीचे बूच काढायचा पेच, या नावाची दोन किलोमीटरची नागमोडी उतरण सुरू होते. 255 मीटर खाली मिद्स्तुएन स्थानकाशी पोहोचायचे, घसरगाडी काखोटीला मारून मेट्रोत चढायचे आणि पुन्हा वर यायचे. माझ्यासमोर बसलेल्या सत्तरीच्या आजीबाई अंगावरचा बर्फ झटकत तिसऱ्या फेरीला निघाल्या होत्या.

तेच तिकीट बोटीलाही चालते, आणि ही गोष्ट पर्यटकांच्या फारशी लक्षात येत नाही. ऑस्लोचा फियॉर्ड म्हणजे जमिनीत सुमारे 100 किलोमीटर आत शिरलेला समुद्राचा फाटा. कोकणी माणसाला त्यात खाडीचा भास होईल. नगरभवनासमोरच्या धक्क्यावरून सुटणारी बोट काही मिनिटांत होवेदॉय बेटाला लागते. 1147 साली इंग्लंडहून आलेल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी इथे मठ बांधला. आता त्याच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्या आहेत आणि त्यांच्या सावलीत लोक शिदोरी सोडतात. पुढच्या लिंदॉय बेटावर लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांची चिमुकली उन्हाळी घरे दाटीवाटीने उभी आहेत. तंबू टाकायचा असेल तर मात्र लांगॉयेने बेटच गाठावे लागते, कारण या बेटांपैकी तिथेच मुक्कामाची मुभा आहे.

जूनच्या शेवटी सूर्य साडेदहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी बेटावर लख्ख उजेड असतो आणि घड्याळाकडे लक्ष जात नाही. म्हणून परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या फलकावर पाहून ठेवावी.