थेंब चढतो तेव्हा

(दृश्य: काचेची बारीक नळी, अगदी जवळून)

पेन्सिलीतल्या शिशाएवढी हवा मावेल, इतकीच ही नळी पोकळ आहे. एक तोंड बर्नरवर वितळवून बंद केलेलं, दुसरं उघडं. सदाशिव पेठेतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची मुलं आज आतल्या हवेचं तापमान तिच्या लांबीवरून काढणार आहेत.

आधी थेंब भरायचा. नळी चिमट्यात धरून तापवायची, थोडी हवा बाहेर जाऊ द्यायची. मग उघडं तोंड लाल रंगवलेल्या तेलात टेकवून उचलायचं. नळी निवते, हवा आकसते... आणि हा बघा, थेंब आत सरकला. पाणी चाललं नसतं. त्याची वाफ आतल्या हवेत मिसळली असती आणि थेंब नुसत्या हवेमुळे किती चढला, ते कळलंच नसतं.

खोलीचं तापमान २७ अंश सेल्सिअस. थेंबाखाली अडकलेली हवा ६० मिलिमीटर. पोकळी वरपासून खालपर्यंत सारखी, म्हणून लांबी मोजली की आकारमानाचं काम झालं.

(दृश्य: रबरबँडनं पट्टीला बांधलेली नळी तापत असलेल्या पाण्याच्या बीकरमध्ये उतरते)

वरचं तोंड उघडं असल्यामुळे थेंबावर पुण्याच्या हवेचा दाब आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. दाब मुंबईपेक्षा कमी असला तरी बिघडत नाही. प्रयोग संपेपर्यंत तो बदलत नाही, एवढंच हवं. हवा फुगते, थेंब वर सरकतो आणि दाब होता तेवढाच राहतो.

(दृश्य: थेंब चढतो. निवेदन थांबते.)

जाक चार्ल्स या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७८३ च्या डिसेंबरात पॅरिसवरून हायड्रोजनच्या फुग्यातून उड्डाण केलं. पुढं १७८७ च्या सुमारास वेगवेगळे वायू तापवून पाहताना त्याला आढळलं, की ते सारख्याच प्रमाणात फुगतात. त्यानं ते छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसाक या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानं स्वतःची मोजमापं प्रसिद्ध केली आणि श्रेय चार्ल्सला दिलं. म्हणून आपल्या पुस्तकात चार्ल्सचा नियम आहे: दाब तोच राहिला, तर वायूचं आकारमान तापमानाच्या प्रमाणात वाढतं.

आता सरांनी थर्मामीटर काढून घेतला. थेंबाखालची हवा ७० मिलिमीटर. तापमान किती?

एका मुलीच्या वहीत उत्तर आलं: ३१.५. सत्तावीसला सत्तरनं गुणून साठनं भागलं. सर खोडत नाहीत. ते बीकरकडे बोट दाखवतात.

(दृश्य: बीकरमधून निघणारी वाफ, मग मुलीचा चेहरा)

साडेएकतीस अंशांच्या पाण्यातून अशी वाफ निघत नाही. फळ्यावर सूत्र कितीही वेळा लिहिलं तरी जे समजत नाही, ते या वाफेपुढं समजतं. सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्यावर बेतलेलं आहे. नियमातलं तापमान त्या शून्यापासून मोजत नाहीत. आधी २७३ मिळवायचे. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. तीनशेला सत्तरनं गुणून साठनं भागलं, तीनशे पन्नास. २७३ वजा केले, ७७ अंश.

थर्मामीटर परत बुडवला. ७६.

हेच गणित परीक्षेत दोन-तीन गुणांना येतं, आणि नळी कधीही हातात न धरता ते सोडवणारी मुलं पुष्कळ आहेत.

(दृश्य: आलेखाचा कागद, पट्टी)

मुलांनी सगळी रीडिंग आलेखावर मांडली. बिंदूंतून जाणारी सरळ रेषा ती डावीकडे वाढवत नेतात, हवेची लांबी शून्य होईपर्यंत. कुणाची रेषा उणे २६० ला टेकते, कुणाची उणे २८५ ला. खरा आकडा उणे २७३.१५; केल्विनचं शून्य ते हेच. हवा मात्र तिथवर वायू म्हणून पोहोचत नाही. आपल्या नेहमीच्या दाबाला ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, नायट्रोजन उणे १९६ ला. म्हणून रेषेचा हा भाग सर तुटक काढायला लावतात.