फ्रीजचा फोटो कोणी काढत नाही

पडद्यावर दिसतेय ती काचेची कुपी करंगळीपेक्षा लहान आहे. आत पाण्यासारखं दिसणारं औषध आहे, ऑक्सिटोसिन. मूल बाहेर आलं की मिनिटभरात 10 युनिट आईच्या मांडीत टोचायचं. गर्भाशय आवळतं, वार पडते, रक्त आटोक्यात राहतं. कुपी महागही नाही. फक्त ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये, उकाड्यात आठवडेच्या आठवडे राहिली की औषधाचा जोर ओसरतो, आणि दिसायला मात्र ते जसंच्या तसं असतं. नर्स वेळेवर टोचते, काही चुकत नाही, आणि तरीही अंगावरून जाणं थांबत नाही.

परदेशात माता-बालआरोग्यासाठी छोटी संस्था काढायची आहे, असं म्हणणाऱ्याला मी आधी या फ्रीजसमोर आणून उभं करेन.

2023 या एका वर्षात गरोदरपणात आणि बाळंतपणात जगभरात सुमारे 2 लाख 60 हजार बायका गेल्या. त्यातल्या दहातल्या सात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. कारणांत पहिला नंबर रक्तस्रावाचा. हे आकडे ऐकून माणूस हलतो, खिशात हात घालतो, आणि त्याच्या डोक्यात पहिलं चित्र येतं ते नव्या इमारतीचं. नाहीतर संस्थेचं नाव रंगवलेल्या रुग्णवाहिकेचं. नाहीतर दहा दिवसांच्या शिबिराचं. शिबिरात डोळे तपासून होतात, दात होतात. बाळंतपण शिबिराच्या तारखा बघून येत नाही.

आता नेपाळ. दक्षिणेकडच्या तराईतला सर्लाही जिल्हा. इथे बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची आणि कापलेल्या नाळेवर तेल, हळद, जे हाताशी असेल ते लावलं जायचं. संशोधकांनी काही गावांमध्ये बाळाच्या नाळेला क्लोरहेक्सिडीन लावून पाहिलं. साधं जंतुनाशक. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले: त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू 24 टक्क्यांनी कमी. पुढे नेपाळनं त्याचं मलम बनवलं, ‘नाभी मलम’ असं घरचं नाव दिलं, आणि गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या हाती सोपवलं. स्वस्त, छोटी ट्यूब, पिशवीत मावणारी. छोट्या संस्थेला याहून चांगलं काय हवं?

तीच गोष्ट झांबियात करून पाहिली. टांझानियाच्या पेंबा बेटावरही. 2016 मध्ये दोन्हीकडचे निष्कर्ष आले आणि मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तिथली परिस्थिती वेगळी होती, बाळंतपणं वेगळ्या ठिकाणी होत होती, नाळेची रीत वेगळी होती. गोष्ट इथेच संपली असती तर बरं होतं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला इशारा काढावा लागला: आफ्रिकेतल्या नऊ देशांत हे औषध चुकून बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. ट्यूब डोळ्यांच्या मलमासारखी दिसायची. चाळीसहून अधिक प्रकरणं नोंदली गेली. आज संघटनेचा सल्ला असा: नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, क्लोरहेक्सिडीन फक्त तिथेच, जिथे नाळेवर शेणासारखं घातक काही लावायची सर्रास पद्धत आहे.

म्हणजे काय पाठवायचं हे ठरवण्याआधी तिथल्या नाळेवर काय लावतात हे माहीत पाहिजे. ते विचारायला परदेशी डॉक्टर लागत नाही, तिथली सुईण लागते.

विचारायचं काय, याचा एक जुना पण कामाचा आराखडा आहे. 1994 मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी तीन उशीर मांडले: दवाखान्यात न्यायचं ठरवायला होणारा, तिथवर पोचायला होणारा, आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा. दवाखान्यात रक्तच नसेल तर तुमची रुग्णवाहिका बाईला तिसऱ्या उशिराच्या दारात सोडून परत येते.

कागदपत्रांवर फार वेळ घालवत नाही, ती देशागणिक वेगळी. पैसा जिथे गोळा करता तिथली नोंदणी आणि जिथे खर्च करता तिथली परवानगी, दोन्ही लागतात. नेपाळात परदेशी संस्थेला समाज कल्याण परिषदेशी करार करावा लागतो आणि स्थानिक संस्थेला सोबत घेऊनच काम करता येतं. अनेकांना हा अडथळा वाटतो. मला तर हा नियम सगळीकडेच असावा असं वाटतं.

आणि पैसा? तो पगारात घाला. देणगीदाराला हे ऐकायला आवडत नाही, त्याला वस्तू हवी असते. पण बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 1980 पासून दहा वर्षं काय केलं बघा. बायका घरोघर गेल्या आणि आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. औषध वाटलं नाही, शिकवलं. महिन्याभरानं दुसरं कोणीतरी काही घरांत जाऊन आईला काय आठवतंय ते विचारायचं, आणि शिकवणारीचा पगार त्या उत्तरांवर ठरायचा. सुरुवातीला पाणी करता येत असूनही आया ते पाजत नव्हत्या. शोध घेतल्यावर कळलं, की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नाही. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. मग आधी त्यांची समजूत घालावी लागली.

आता ही दुसरी वस्तू. प्लॅस्टिकची चादर, खाली पिशवीसारखी निमुळती, वर मिलिलिटरच्या रेषा छापलेल्या. बाळंतिणीच्या खाली घालायची, की गेलेलं रक्त मोजता येतं. नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत हे करून पाहिलं. रेष ओलांडली की वाट न बघता मालिश, औषधं, सलाईन, तपासणी, सगळं एकदम. 2023 मध्ये निष्कर्ष आले: तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी घटलं. यातले उपचार काही नवे नव्हते. नवी होती ती रेष, आणि ती दिसताच काय करायचं याचा सराव.

पण त्या औषधांमध्ये ऑक्सिटोसिनही आहे. म्हणजे पुन्हा त्या फ्रीजकडे यायचं.

फ्रीजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला असतो. सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, सही. सौर पॅनेल आणि बॅटरी तुमच्या संस्थेनं बसवून दिली, असं समजा. तीन वर्षांचा करार, उद्घाटन, फोटो. बॅटरी त्यानंतर कधीतरी दम तोडणार, हे बसवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून सही करण्याआधी कराराच्या खर्चाच्या पानावर ‘नवी बॅटरी’ अशी ओळ आहे का बघा, आणि तिच्यापुढे कोणाचं नाव लिहिलंय तेही.