नावात उरलेला डोह

नमस्कार श्रोतेहो. आज सकाळी नागपुरात आपण नळाखाली जी घागर लावली असेल, तिच्यातले बरेचसे पाणी पेंच नदीचे, म्हणजे तोतलाडोह आणि त्याखालच्या नवेगाव खैरी या धरणांत अडवून आणलेले आहे. तेव्हा धरण म्हणजे मुळातच पाप, असे एखाद्या नागपूरकराने सांगणे कृतघ्नपणाचे होईल. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. नद्यांचे जे पट्टे अजून अडवलेले नाहीत, त्यांतले काही तरी कायद्याने मोकळे राखले पाहिजेत, आणि त्यांतला एक आपल्याच विदर्भाच्या टोकाला आहे.

तोतलाडोह हे नाव आपण रोज वर्तमानपत्रात टक्केवारीसह वाचतो, पण त्या नावातल्या डोहाकडे कुणाचे लक्ष जात नाही. मोकळ्या नदीची धार वैशाखात आटत आटत बोटभर होते, तरी वळणावरच्या आणि कपारीखालच्या डोहांत पाणी टिकून राहते. मासे, कासवे आणि पाण्यावर येणारी जनावरे त्यांच्याच आधाराने उन्हाळा काढतात, आणि मृगाचा पहिला लोंढा आला की तेच मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर निघतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. धरणाच्या भिंतीपाशी ही चढण संपते. तोतलाडोहात डोह नावापुरता उरला, आणि पुढे वैनगंगेवर चामोर्शीकडे बॅरेज झाले, तर त्याचेही नाव चिचडोह.

भिंतीखाली काय घडते, ते मी पवनीच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या वाळूत पाहिले. तिथे ढिवर, म्हणजे मासेमार समाजाची, कुटुंबे पात्र उघडे पडले की डांगरवाडी, म्हणजे वाळूतली फळवेलांची वाडी, लावतात. हातभर खड्डा करायचा, त्यात शेणखत टाकायचे, ओल लागेल तिथे बी टोचायचे आणि वेल वाळूवर सोडायचे. या शेतीचे सारे गणित नदी केव्हा उतरेल आणि केव्हा चढेल, या अंदाजावर चालते. ओंजळीने वेलांना पाणी देणारी एक म्हातारी मला म्हणाली, “आंधी नदीकडं पायलं का समजत होतं जी, आता दार कोन कवा उघडन, काय मालूम!” वरच्या बाजूला गोसीखुर्द धरण आहे. त्याचे भूमिपूजन 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाले आणि कालव्यांची कामे त्यानंतर कित्येक दशके रेंगाळली. नदीने आणलेला गाळ भिंतीमागे अडकला की खाली सुटणारे पाणी तळ आणि काठ खरवडत जाते, हा त्या म्हातारीच्या तक्रारीत न आलेला भाग.

बरे, भिंत घातली म्हणजे पाणी हक्काचे झाले, असेही नाही. 2019 च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. पाऊस लांबला होता हे खरेच, पण पेंचवर आपल्याही वर, मध्य प्रदेशात, चौराईचे धरण उभे राहिले होते हेही तितकेच खरे. आपण ज्यांच्या वरच्या अंगाला राहतो, त्यांना आपल्याबद्दल काय वाटत असेल, हे त्या महिन्यात थोडे तरी कळायला हवे होते.

आता विदर्भाच्या त्या टोकाकडे येतो. गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत येणारी इंद्रावती सिरोंचा तालुक्यात सोमनूरपाशी गोदावरीला मिळते. 1980 च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या दोन धरणांत इथले जंगल आणि गावे बुडायची होती. आदिवासींनी विरोध केला, बाबा आमटे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ती धरणे झाली नाहीत. मात्र इचमपल्लीचे नाव गोदावरी-कावेरी जोडकालव्याच्या आराखड्यात पुन्हा आले आहे. तिथून जवळच गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बॅरेजचे खांब 2023 च्या ऑक्टोबरात खचले. त्याआधीच त्याच्या फुगवट्याने सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची जमीन पाण्याखाली जाऊ लागली होती.

समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, हे वाक्य आपल्याकडे बैठकीगणिक ऐकू येते. पात्रातली वाळू, काठच्या विहिरींचे झरे आणि त्रिभुज प्रदेशातली माती हे सगळे त्याच वाया गेलेल्या पाण्याचे देणे आहे, हे त्या बैठकीत कोण सांगणार? जगात 1000 किलोमीटरहून लांब असलेल्या नद्यांपैकी जेमतेम 37 टक्के नद्या उगमापासून मुखापर्यंत मोकळ्या आहेत, असे 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. अमेरिकेने 1968 मध्येच निवडक नद्या न अडवण्याचा कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, पण वाट आहे: 2012 साली केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याचा आधार घेऊन गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा पट्टा संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि तिथे मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना मनाई केली.

तीच अधिसूचना इंद्रावतीच्या सीमेवरच्या पट्ट्यासाठी महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांनी मिळून मागावी. मसुदा मुंबईत आणि रायपुरात लिहिला जाईल, त्याला इलाज नाही. पण त्या पात्रातला कोणता डोह जेठात आटतो आणि कोणता आटत नाही, हे काठच्या मासेमारांना नावानिशी पाठ असते. तेवढी नावे तरी आधी तिथे जाऊन लिहून घ्यावीत. नमस्कार.