अडतीस विधानं आणि पन्नास टक्के

(पडद्यावर: एक पातळ पुस्तिका, तिच्याशेजारी फ्लॉपी.)

१९८९ सालची ही पुस्तिका नेदरलँड्समधली, नागरिकशास्त्र शिकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी काढलेली. आत ६० विधानं, सगळी पक्षांच्या जाहीरनाम्यांतून वेचलेली. एकेक वाचायचं, पटतं की नाही ते सांगायचं, आणि कुठला पक्ष आपल्या जवळचा ते शेवटी कळायचं. नाव 'स्टेमवायझर'. डच भाषेत 'स्टेम' म्हणजे मत, आणि आवाजसुद्धा. 'वायझर' म्हणजे दाखवणारा. घड्याळाच्या काट्यालाही तिथे हाच शब्द.

१९९८मध्ये हा काटा इंटरनेटवर आला. २०२१च्या संसदीय निवडणुकीत तो ७० लाखांहून जास्त वेळा फिरला. देशात मतदार साधारण १ कोटी ३० लाख. अर्थात ७० लाख वेळा म्हणजे ७० लाख माणसं नव्हेत. मनासारखा पक्ष वर येईपर्यंत पुन्हा पुन्हा उत्तरं देणारेही असतातच.

(पडद्यावर: मोबाइलवर तीन बटणं, वर एक वाक्य.)

शेजारच्या जर्मनीने ही कल्पना २००२मध्ये उचलली. तिथला 'वाल-ओ-माट' राजकीय शिक्षणासाठीची सरकारी संस्था चालवते. विधानं ३८, उत्तरं तीन: सहमत, तटस्थ, असहमत. हीच विधानं पक्षांकडेही जातात आणि पक्षांनी आपापली उत्तरं स्वतःच द्यायची असतात.

२०२१मधलं एक विधान बघा: सगळ्या ऑटोबानवर सरसकट वेगमर्यादा असावी. या महामार्गांच्या मोठ्या भागावर मर्यादाच नाही, ताशी १३० किलोमीटरची नुसती शिफारस आहे. वाद जुना आहे आणि चांगलाच तापतो. ग्रीन्स आणि सोशल डेमोक्रॅट मर्यादेच्या बाजूने, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि उदारमतवादी एफडीपी पक्ष विरोधात. आता तुम्ही 'सहमत' दाबलंत. पक्षही सहमत असेल तर त्याला २ गुण, तटस्थ असेल तर १, असहमत असेल तर शून्य. विषय तुमच्या जिव्हाळ्याचा असेल तर त्याला दुप्पट वजन द्या. मग ४, २ आणि शून्य. गुणांची बेरीज करायची, जास्तीत जास्त जेवढे मिळू शकले असते त्यांनी भागायचं, की झाली टक्केवारी.

हिशेब इतका सरळ आहे, की त्यातली गोम सहज नजरेआड होते.

समजा, ३८च्या ३८ विधानांवर तुमचं मत ठाम आहे. एकदाही 'तटस्थ' दाबलेलं नाही. आता एक पक्ष घ्या, काल्पनिक, जो प्रत्येक ठिकाणी तटस्थ राहिला. त्याला ७६पैकी ३८ गुण. म्हणजे ५० टक्के. दुसरा पक्ष १९ ठिकाणी तुमच्याशी पूर्ण सहमत आणि १९ ठिकाणी कडवा विरोधक. त्यालाही ५० टक्के. एक गुळमुळीत, दुसरा अर्धा जिवलग आणि अर्धा वैरी. पडद्यावर मात्र दोघांची पट्टी अगदी सारख्या लांबीची.

(पडद्यावर: पाच खुणांची आडवी रेघ.)

नेदरलँड्समध्येच २००६ साली 'कीसकोम्पास' ही अशीच आणखी एक चाचणी आली. त्यात उत्तराच्या पायऱ्या पाच. तुम्ही म्हणालात 'सहमत'. एक पक्ष म्हणतो 'पूर्ण सहमत', दुसरा तटस्थ. दोघेही तुमच्यापासून एकेक पायरी लांब. नुसतं अंतर मोजलं तर दोघे सारखेच जवळचे! पण एक तुमच्या बाजूला उभा आहे आणि दुसरा कुंपणावर. जॉर्ज रॅबिनोविट्झ आणि स्टुअर्ट एलेन मॅकडोनाल्ड या अमेरिकी अभ्यासकांनी नेमका हाच आक्षेप मांडला होता, तोही १९८९मध्येच: मतदार अंतर मोजत बसत नाही, पक्ष आपल्या बाजूचा की पलीकडचा एवढं बघतो, आणि तो किती जोरात बोलतो ते बघतो. मला हे म्हणणं जास्त खरं वाटतं. निदान भांडणात तरी आपण असंच बघतो.

मग विधानं कोण ठरवतं? जर्मनीत तरुण मतदारांचा एक गट अभ्यासकांच्या सोबतीने ती लिहितो. पक्षांकडे आधी ३८पेक्षा बरीच जास्त विधानं जातात, आणि उत्तरं आल्यावर चाळण लागते. ज्यावर सगळे पक्ष एकच बोलले ते विधान फरक दाखवायला निरुपयोगी, म्हणून बाहेर. चाळणीचं काम चोख आहे. फक्त, ज्या प्रश्नावर सगळ्याच पक्षांनी मिळून तुमच्या विरुद्ध भूमिका घेतली आहे, तो तुम्हाला या यादीत बहुधा दिसणार नाही. दिलेला शब्द कोण पाळतं, निकालानंतर कोण कुणाशी हातमिळवणी करतं, हे तर दूरच राहिलं.

(पडद्यावर: मे २०१९, बंद पडलेलं संकेतस्थळ.)

२०१९च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मतदानाला आठवडाही उरला नव्हता, आणि कोलोनच्या न्यायालयाने वाल-ओ-माट थांबवायला लावलं. तक्रार 'व्होल्ट' या छोट्या पक्षाची होती. रिंगणात ४०च्या आसपास पक्ष, पण तुलनेसाठी एका वेळी फक्त आठच निवडता यायचे. माणूस ओळखीची नावं निवडतो. नवख्याचा नंबर लागणार कधी? पुढे समझोता झाला आणि मतदानाआधी चाचणी पुन्हा सुरू झाली.

(पडद्यावर: निकालाच्या पट्ट्या. बोट हळूहळू खाली सरकतं.)

टक्केवारी दिसली की बरेचजण इथेच थांबतात. खाली अजून एक पान आहे. तिथे प्रत्येक विधानाखाली पक्षांनी आपल्या शब्दांत लिहिलेली कारणं आहेत. वेगमर्यादेला 'असहमत' म्हणणारे पक्ष एका ओळीत उभे आहेत, सगळ्यांना गुण सारखेच, आणि प्रत्येकाच्या नावाखालचा मजकूर वेगळा.